ठराव, जाहिरात आणि आमचं साप्ताहिक

नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हातात आली, की मी ती शेवटून वाचायला घेते. सुरुवातीचे विषय बहुधा ठरलेले असतात. मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे, कुणाच्या निधनाबद्दल दुखवटा, कुणाच्या निवडीबद्दल अभिनंदन. शेवटी एक ओळ असते, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय'. जे विषयपत्रिकेत छापलेलं नाही, ते या ओळीतून आत येतं. तोवर सभा रेंगाळलेली असते, काही नगरसेवक उठून गेलेले असतात आणि लिपिक भराभर वाचत सुटतो. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, मंजूर, मंजूर. तालुक्याच्या गावात साप्ताहिक चालवणाऱ्या माणसाचं निम्मं काम या शेवटच्या काही मिनिटांत असतं. मोठ्या दैनिकाचा वार्ताहर तेव्हा बातमी पाठवायला बाहेर पडलेला असतो. आम्हाला थांबता येतं, कारण आमचा अंक शनिवारी निघतो.

आमचं गाव माणदेशाच्या कडेचं. नगरपालिका क वर्ग, म्हणजे लोकसंख्या चाळीस हजारांच्या आत. नळाला चार दिवसांआड पाणी. साप्ताहिक काढलं ते अण्णांनी, माझ्या वडिलांनी, आणीबाणी उठल्यानंतर. पुढच्या खोलीत ट्रेडल मशीन होतं, खिळे जुळवायला एक कंपोझिटर होता आणि अंकाच्या घड्या घालायला आम्ही भावंडं. आता अंक संगणकावर लागतो आणि जिल्ह्याच्या गावी ऑफसेटवर छापून एसटीनं येतो. पानं चारच. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं छापतात. आमच्याकडे सगळीकडे एकच नाव असतं. ही ओळ १८६७ च्या कायद्यानं सक्तीची केली होती. तो कायदा आता गेला, त्याच्या जागी २०२३ चा नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. पूर्वी प्रकाशकाला दंडाधिकाऱ्यासमोर घोषणापत्र करावं लागे, आता नोंदणी ऑनलाइन होते. तळाची ओळ मात्र राहिली आहे. छापलेल्या प्रत्येक शब्दाला कोण जबाबदार, हे वाचकाला त्या ओळीतून कळतं, आणि नगरपालिकेलाही कळतं.

लोक मला विचारतात, ताई, तुमचं आणि नगरपालिकेचं नेमकं काय आहे? भांडण आहे की मैत्री? दोन्ही उत्तरं अपुरी आहेत. आम्ही एकाच गावात राहतो. नगराध्यक्षांची मुलगी आणि माझी भाची एका वर्गात होत्या. पाणीपुरवठ्याचा वॉलमन आमच्याच आळीत राहतो. ज्यांच्यावर लिहायचं, त्यांच्या घरच्या लग्नाची पत्रिका आदल्या दिवशी आलेली असते. 'ताई, बातमी लिहा, पण जरा सांभाळून. गाव आपलंच आहे,' हे वाक्य मी कितीतरी जणांच्या तोंडून ऐकलं आहे. गाव आपलं आहे म्हणूनच लिहायचं असतं, हे अण्णांचं त्यावरचं उत्तर होतं, आणि माझंही तेच आहे.

आधी सभेबद्दल सांगते, कारण बहुतेक नागरिकांना हे माहीतच नसतं. महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम १९६५ सालचा. त्यानुसार नगरपालिकेची सभा लोकांसाठी खुली असते. एखाद्या विषयापुरती ती बंद ठेवता येते, पण खुली सभा हा नियम आणि बंद सभा हा अपवाद. मागच्या बाकांवर बसायला कुणाची परवानगी लागत नाही. तरीही आमच्या सभागृहात मागची बाकं बहुतेक वेळा रिकामी असतात. पत्रकारांनी सभेत बसावं, हे आपल्याला आज गृहीत वाटतं. ते सगळीकडे सहज मिळालेलं नाही. ब्रिटनमध्ये काही पालिका वार्ताहरांना बैठकीत येऊ देत नव्हत्या, म्हणून १९६० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. ते विधेयक मांडणाऱ्या नवख्या खासदार होत्या मार्गारेट थॅचर आणि संसदेतलं त्यांचं पहिलं भाषण याच विषयावर होतं.

सभेत बसून काय मिळतं, त्याचं एक उदाहरण देते. एकदा विषयपत्रिकेत ओळ होती, 'मंजूर विकास योजनेतील आरक्षण क्रमांक अमुकमध्ये कलम ३७ अन्वये फेरबदल करणेबाबत'. वाचणाऱ्याला यातून काही बोध होत नाही. विकास आराखड्याचा नकाशा उघडून आरक्षणाचा क्रमांक शोधला, तेव्हा कळलं की ते हायस्कूलमागचं खेळाचं मैदान आहे आणि त्याचा काही भाग दुकानगाळ्यांसाठी मोकळा करायचा आहे. कलम ३७ हे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मधलं. फेरबदल करायचा तर नगरपालिकेला नोटीस काढून महिनाभर हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात, हरकत घेणाऱ्याला सुनावणी द्यावी लागते आणि मग प्रस्ताव शासनाकडे जातो. आम्ही पहिल्या पानावर नकाशा छापला, मैदानाचा तेवढा भाग गडद केला, हरकतीचा नमुना अर्ज शेजारी दिला आणि शेवटची तारीख ठळक छापली. बातमीत कुणावर आरोप केला नव्हता. संध्याकाळी मैदानात खेळणारी पोरं, त्यांचे पालक, हायस्कूलचे निवृत्त शिक्षक यांनी रांगेत उभं राहून हरकती दिल्या. सुनावणी झाली. प्रस्ताव पुढे गेला नाही.

हे शक्य झालं, कारण महिनाभराची मुदत जिवंत होती. ती संपल्यावर छापलेली बातमी खरी असली, तरी तिचा उपयोग हळहळण्यापुरताच. स्थानिक वृत्तपत्रानं तारखा सांभाळल्या पाहिजेत, असं मी नव्या मुलांना सांगते ते यासाठी. घरपट्टीचं घ्या. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, लोक तिला चतुर्थवार्षिक म्हणतात. घराचं मोजमाप होतं, नोटिसा निघतात, हरकतीला मुदत असते. नोटीस हातात पडते तेव्हा लोक ती देव्हाऱ्यामागे किंवा रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवून देतात आणि बिल आल्यावर ओरडतात. त्या महिन्यांत आमच्या अंकात दर आठवड्याला एक चौकट असते. नोटिशीत काय पाहायचं, बांधकामाचा प्रकार बरोबर लिहिला आहे का, भाडेकरू नसताना भाड्याचं घर दाखवलं आहे का, अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा आणि पोच कशी घ्यायची. या चौकटीला कधी पुरस्कार मिळायचा नाही, पण वर्गणीदार टिकतात ते तिच्यामुळे.

ठरावच बेकायदा असेल, तर? नगरपरिषद अधिनियमाचं कलम ३०८ जिल्हाधिकाऱ्यांना नगरपालिकेच्या ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार देतं. त्यासाठी कुणीतरी त्यांच्या नजरेला ठराव आणून द्यावा लागतो. आमच्याकडे विरोधी नगरसेवक 'तीनशे आठखाली जातो' असं सभागृहातच बजावतात. तो अर्ज करताना ठरावाचा क्रमांक, तारीख, सूचक-अनुमोदक, कुणी विरोध नोंदवला, हे सगळं लागतं. सभेनंतरच्या शनिवारी आम्ही हे तपशील ठरावानुसार छापतो. रटाळ दिसतं, जागा खातं. पण इतिवृत्ताची नक्कल मिळायला आठवडे लागत असताना गावाजवळ तेवढीच नोंद असते.

मधली काही वर्षं मात्र सभाच नव्हती, आणि त्या काळाबद्दल मला सविस्तर बोलायचं आहे, कारण त्याची हळहळ फार थोड्या लोकांना वाटली. इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला आणि २०२२ च्या आसपास मुदत संपलेल्या महाराष्ट्रातल्या बहुतेक नगरपालिकांवर प्रशासक बसले. निवडणुका झाल्या त्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिल्यावर. त्या काळात सभागृहाचे सगळे अधिकार एका अधिकाऱ्याच्या हाती होते. ठराव तेव्हाही होत होते, त्यांना प्रशासकीय ठराव म्हणत. पण विषयपत्रिका निघत नव्हती, सूचक नव्हता, अनुमोदक नव्हता आणि मुख्य म्हणजे विरोध करणारा नव्हता. गावाचा अर्थसंकल्प एका केबिनमध्ये मंजूर होई. मागच्या बाकांवर बसायचं म्हटलं, तरी समोर काही घडतच नव्हतं.

अधिकारी चांगला असेल, तर कारभार चांगला होतो, हे मी पाहिलं आहे. आमच्याकडे आलेल्या एका प्रशासकांनी कचरा डेपोचा प्रश्न अनेक वर्षांनी मार्गी लावला आणि आम्ही ते पहिल्या पानावर कौतुकानं छापलं. तरीही ती व्यवस्था योग्य नव्हती. नगरसेवक कितीही उणा असला, तरी मत मागायला त्याला आमच्या आळीत यावं लागतं. अधिकाऱ्याची बदली होते. बातमीच्या दृष्टीनं सांगायचं, तर सभेत विरोधी सदस्य भांडतो तेव्हा तो नकळत कागद उघडे करत असतो. तो नसला, की कागद मागून घ्यावे लागतात.

मागून घेण्याचे मार्ग आहेत, आणि ते पत्रकारांइतकेच सर्वांचे आहेत. माहिती अधिकार कायदा २००५ चा. अर्जाला दहा रुपये, नकलेला पानामागे दोन रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. याच कायद्याचं कलम ४ म्हणतं, की कार्यालयानं सतरा बाबींची माहिती कुणी न मागता स्वतःहून जाहीर करावी. हे आम्हाला तोंडपाठ आहे, पण साप्ताहिकासाठी तीस दिवस म्हणजे चार अंक. अर्ज केला, उत्तर अपुरं आलं, अपील केलं, की हंगाम उलटून जातो. म्हणून मला जास्त मोलाचा वाटतो तो २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय. त्यानुसार जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात कोणीही नागरिक माहिती अधिकाराचा अर्ज न करता अभिलेख पाहू शकतो. प्रशासकाच्या काळात आमच्या साप्ताहिकाचा संसार या सोमवारच्या दोन तासांवर चालला. टेंडरची फाईल, ठेकेदाराचं मोजमाप पुस्तक, टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही. पहिल्या खेपेला लिपिकानं 'असा काही नियम नाही' म्हणून सांगितलं. निर्णयाची प्रत सोबत होती, ती टेबलावर ठेवली. पुढे त्याच लिपिकानं खुर्ची द्यायला सुरुवात केली.

आता जाहिरात. वृत्तपत्र आणि नगरपालिका यांच्या संबंधातलं हे सर्वांत नाजूक दुखणं आहे आणि वाचकांना त्याची कल्पना नसते.

नगरपालिकेच्या जाहिराती दोन तऱ्हेच्या. एक, कायद्यानं किंवा नियमानं द्यावी लागणारी. निविदा सूचना, आराखड्याची नोटीस, कर आकारणीची नोटीस, लिलाव, भरती. दुसरी, शुभेच्छांची. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, दिवाळी, आणि पदाधिकाऱ्यांच्या फोटोंची रांग. पहिल्या प्रकारच्या जाहिराती शासनमान्य यादीवरच्या वृत्तपत्रांना द्यायच्या असतात. यादीत अ, ब, क असे वर्ग, त्यावरून दर ठरतो. दुसऱ्या प्रकाराला खरं तर एकच नियम लागतो, तो मर्जीचा. छोट्या साप्ताहिकाची वर्षाची मिळकत पाहिली, तर वर्गणी, दुकानदारांच्या जाहिराती, दिवाळी अंक, आणि या सरकारी जाहिराती. अनेक ठिकाणी शेवटचा भाग इतका मोठा असतो, की तो थांबला तर कागदाचे पैसे द्यायचे कुठून, हा प्रश्न पडतो.

म्हणून कुणाला धमकी द्यायची गरज पडत नाही. जाहिरात बंदही करायची गरज नाही. बिल अडकवलं, की पुरतं. टँकरच्या फेऱ्यांचा हिशेब आम्ही छापला, त्यानंतर आमची जुनी बिलं लेखा विभागात निजली. विचारायला गेलं, की 'ताई, फाईल साहेबांच्या टेबलावर आहे'. साहेबांकडे गेलं, की 'लेखापालांकडून शेरा यायचाय'. कुणीही वाईट बोलत नाही. चहा येतो. त्या चहाची किंमत प्रत्येक छोट्या संपादकाला ठाऊक आहे. अण्णांनी घरात एक नियम घालून दिला होता. नगरपालिकेचं एकही बिल आलं नाही, तरी अंक निघाला पाहिजे, एवढ्याच खर्चात साप्ताहिक चालवायचं. त्यामुळे आमची पानं चारच राहिली, आम्ही रंगीत झालो नाही आणि नोकरीला माणूस ठेवू शकलो नाही. पण टँकरचा हिशेब पुढच्या शनिवारीही छापला गेला.

याच्या उलट टोकाला 'फाईल कॉपी' काढणारे आहेत. यादीवर नाव आहे, पण अंक निघतो तो जाहिरातीच्या बिलाला जोडण्यापुरता. गावात त्याचा एक वर्गणीदार सापडत नाही. एखाद्या कामाची निविदा ठरावीक ठेकेदारापलीकडे कुणाच्या नजरेस पडू नये, असं कुणाला वाटलं, तर ती अशा पत्रात द्यायची. नियम पाळला गेला आणि माहिती कुणालाच मिळाली नाही. ऑनलाइन निविदांमुळे मोठ्या कामांत हा प्रकार कमी झाला आहे. लहान कामांत, आणि एका मोठ्या कामाचे तुकडे पाडून लहान केलेल्या कामांत, तो शिल्लक आहे. यात दोष एकट्या नगरपालिकेचा नाही, आमच्या धंद्याचाही आहे, आणि पत्रकार संघाच्या बैठकांत यावर बोलायला फार थोडे तयार असतात.

मुळात निविदा सूचनेचे पैसे नगराध्यक्षांचे नसतात आणि मुख्याधिकाऱ्यांचेही नसतात. ते घरपट्टी भरणाऱ्याचे असतात, आणि जाहिरातही त्याच्याच माहितीसाठी असते. न्यायालयांनी हे सांगितलेलं आहे. आंध्र प्रदेशात 'ईनाडू' या तेलुगू दैनिकाच्या जाहिरातींवरून सरकारशी वाद झाला तेव्हा तिथल्या उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की सरकारी जाहिरात आवडत्या पत्राला बक्षीस म्हणून किंवा टीका करणाऱ्याला शिक्षा म्हणून वापरता येणार नाही. पण तालुक्याचं साप्ताहिक अडकलेल्या बिलासाठी उच्च न्यायालयात जात नाही. तेवढा वकिलाचा खर्च बिलाहून जास्त होतो.

अब्रूनुकसानीच्या नोटिशीचंही असंच. 'नगरपालिकेची बदनामी केली' म्हणून नोटीस येते आणि नवा माणूस गर्भगळीत होतो. त्यानं 'नक्कीरन' या तमिळ साप्ताहिकाचा खटला वाचावा. ऑटो शंकर नावाच्या, फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याचं आत्मकथन छापायचं त्या साप्ताहिकानं ठरवलं, त्यात काही अधिकाऱ्यांचे लागेबांधे उघड होणार होते, म्हणून तुरुंग खात्यानं ते अडवू पाहिलं. ७ ऑक्टोबर १९९४ ला सर्वोच्च न्यायालयानं आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू राज्य या निकालात सांगितलं, की सरकार, स्थानिक स्वराज्य संस्था आणि शासनाचे अधिकार वापरणाऱ्या इतर संस्था यांना अब्रूनुकसानीच्या भरपाईचा दावा लावता येत नाही. अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल लिहिलं असेल, तर मजकूर खोटा आहे आणि खऱ्याखोट्याची बेपर्वाई करून छापला आहे, हे त्याला दाखवावं लागतं. त्याआधी १९९३ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं डर्बीशायरच्या काउंटी कौन्सिलला हेच सुनावलं होतं. मात्र फौजदारी बदनामीचा गुन्हा आपल्याकडे कायम आहे, आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येतो. व्यक्ती म्हणून नगरसेवक किंवा ठेकेदार तक्रार करू शकतो आणि तारखांना उभं राहणं हीच मोठी शिक्षा असते. म्हणून नाव छापण्याआधी कागद हातात हवा, आणि समोरच्याची बाजू त्याच अंकात, त्याच बातमीत हवी.

कागदापलीकडची भीतीही आहे. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिसे यांचा फेब्रुवारी २०२३ मध्ये गाडीखाली चिरडून खून झाला. ते रिफायनरी प्रकल्पाच्या विरोधातल्या बातम्या देत होते. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा केला, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली. पण छोट्या गावातला वार्ताहर रात्री एकटाच मोटरसायकलवरून घरी जातो.

वृत्तपत्र आणि स्थानिक स्वराज्य यांची गाठ आपल्या देशात जुनी आहे. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटननं देशी भाषांतल्या वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आणला. नंतर आलेल्या रिपननं १८८२ मध्ये तो रद्द केला आणि त्याच वर्षी, १८ मे रोजी, स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला. गावानं आपला कारभार करायचा, तर गावाला त्याबद्दल छापता आलं पाहिजे, हे त्या एका वर्षातून दिसतं. आणि याच लिटनच्या पुणेभेटीसाठी स्वागताला एक हजार रुपये खर्च करण्याचा विषय पुणे नगरपालिकेपुढे आला, तेव्हा १८७६ ते १८८२ या काळात सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी त्याला विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या सभागृहात फुल्यांची तसबीर आहे. स्वागत-सत्काराच्या खर्चाचा विषय येतो तेव्हा माझी नजर तिच्याकडे जाते.

हल्लीचं, आणि मला फार जवळचं वाटणारं उदाहरण म्हणजे 'खबर लहरिया'. उत्तर प्रदेशातल्या चित्रकूट जिल्ह्यात २००२ साली, दिल्लीच्या 'निरंतर' या संस्थेच्या आधारानं हे पत्र निघालं. बातम्या आणणाऱ्या, लिहिणाऱ्या, गावोगाव फिरून अंक विकणाऱ्या सगळ्या बाया, बऱ्याचशा दलित, काही आदिवासी, काही मुस्लिम. भाषा बुंदेली, म्हणजे वाचणारीच्या घरातली. विषय बंद हातपंप, न झालेला रस्ता, रोजगार हमीची न मिळालेली मजुरी, दवाखान्यात नसलेला डॉक्टर. ज्या प्रधानाच्या किंवा गटविकास अधिकाऱ्याच्या दारात या बायांना एरवी उभंही केलं नसतं, त्याला त्यांनी वही उघडून प्रश्न विचारले. २००९ मध्ये या पत्राला युनेस्कोचा किंग सेजोंग साक्षरता पुरस्कार मिळाला. पुढे ते छापील राहिलं नाही, मोबाइलवर गेलं, आणि त्या बायांवरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचला. मला त्यातलं ऑस्कर तितकं महत्त्वाचं वाटत नाही. बातमी छापून आल्यावर हातपंप दुरुस्त होतो, हे ज्या गावानं पाहिलं, ते गाव पुढच्या वेळी स्वतःहून बातमी सांगायला येतं. साप्ताहिकाची सगळी ताकद इथे आहे.

आता नगरपालिकेचं स्वतःचं फेसबुक पान आहे, व्हॉट्सअॅपचे गट आहेत. पाणी उद्या येणार नाही, हे तिथे आमच्यापेक्षा आधी कळतं, आणि ते उत्तम आहे. पाणी कुठल्या गळतीमुळे येणार नाही, ती गळती दुरुस्त केल्याचं बिल याआधी निघालं होतं का, हे मात्र त्या पानावर येत नाही. ते येणारही नाही. तो मजकूर बाहेरच्या माणसानंच लिहायचा असतो.

बाहेरचा म्हणजे शत्रू नव्हे. शौचालय अनुदानाची यादी, थकबाकीवरची शास्ती माफ करणारी अभय योजना, लसीकरणाचे दिवस हे आम्ही पैसे न घेता छापतो. सफाई कामगारांना हातमोजे-बूट मिळत नव्हते, ते आम्ही लिहिलं. मिळाले, तेही लिहिलं. आमच्याकडून आकडा चुकीचा गेला असं कार्यालयानं पुराव्यानिशी कळवलं, तर खुलासा त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत लावायचा, ही आमची रीत आहे. हे सांभाळलं, म्हणून जाहिराती अडकलेल्या काळातही नगरपालिकेतल्या कुणी आमच्या बातमीला खोटं म्हटलं नाही.

राज्य शासनानं करावं असं एक काम माझ्या मते अगदी सोपं आहे. स्थानिक संस्थांची कायदेशीर जाहिरात कुठल्या पत्राला द्यायची, हे त्या गावातल्या प्रत्यक्ष खपावर ठरावं, वाटप जिल्ह्याच्या पातळीवरून क्रमानं व्हावं, आणि बिलाला मुदत असावी. मुदत उलटली तर व्याज लागावं. ज्यांच्यावर लिहायचं, त्यांच्या टेबलावरून आमचं बिल गेलं नाही, म्हणजे निम्मा प्रश्न संपला.

उरलेला निम्मा वाचकांच्या हातात आहे. आता नवी सभागृहं आली आहेत. तुमच्या गावच्या सर्वसाधारण सभेची तारीख विचारून घ्या आणि मागच्या बाकावर जाऊन बसा. सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नगरपालिकेत जाऊन तुमच्या गल्लीतल्या गटाराच्या कामाची फाईल पाहायला मागा. आणि तुमच्या गावात कागद वाचून बातमी देणारं एखादं साप्ताहिक असेल, तर त्याची वर्षाची वर्गणी आजच भरा. आमची तीनशे रुपये आहे.